घंगाळातला हात

हुपरीत कुणाचा हात भाजला, कुणाच्या पायात खिळा घुसला, की पहिली आठवण अक्काताईची व्हायची. आणि तिच्या उंबऱ्यापाशी आलं की पाऊलही पहिल्यांदा तिथंच मागं सरायचं. अक्काताई मलमपट्टी फुकट करायची आणि वर पदरच्या शिव्या द्यायची.

जखमेची तिला कधी किळस आली नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडं, ड्रेसिंगच्या खोलीत, तिनं एकतीस वर्षं काढली होती. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं, आणि मधल्या वेळात लोकांचे पू पुसायचे, साखरेनं काळे पडलेले अंगठे धुवायचे, कुजलेली कातडी चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये टाकायची. दुपारी त्याच खोलीच्या दारात बसून ती भाकरी आणि खर्डा खायची. नवीन आलेल्या नर्सबाया तोंडाला रुमाल लावून पळायच्या, तेव्हा ही म्हणायची, "पळतीस कशाला? पू काय उडी मारून अंगावर येतंय व्हय?"

तिला किळस यायची ती माणसांची. म्हणजे, माणसं त्या जखमेवर जे जे नेऊन थापतात, त्याची. शेण, चुना, तपकीर, शाई, कॉफीची पूड, आणि जिथं तिथं ती पांढरी टूथपेस्ट. देवानं कातडी दिली तेव्हा ती उघडी पडल्यावर काय करायचं नाही, याची अक्कल द्यायला तो विसरला, असं तिचं पक्कं मत होतं.

डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद झाला आणि अक्काताई घरी बसली. येताना तिनं स्वतःचा एक डबा भरून आणला. दिवाळीच्या फराळाचा, कडीचा, स्टीलचा डबा. झाकणावर नखाच्या लाल रंगानं तिनं क्रॉस काढला होता; तो एका बाजूला कलला होता, पण कुणाची तसं म्हणायची छाती नव्हती. आत गॉजची पाकिटं, पट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, सलाईनची बाटली आणि जंतुनाशकाची छोटी शिशी. वापरलेली वस्तू संध्याकाळच्या आत परत भरली जायची. सून, नातवंडं, कुणीही त्या डब्याला हात लावायचा नाही. कळंब्याला लेकीकडं जाताना पिशवीत साडीच्या आधी डबा जायचा.

या डब्यापुढं गावानं काय काय आणून ठेवलं म्हणता. शेजारच्या केरबानं ऊस तोडताना कोयत्यानं करंगळी कापून घेतली. बोट गुंडाळून आला, तर फडक्याच्या आत काळा चिखल.

"काय भरलंईस ह्यात?" अक्काताईनं विचारलं.

"तंबाखू. रगात थांबतंय की."

"तोंडातली?"

"मग? कोरडी बसती व्हय?" केरबा म्हणाला.

अक्काताईनं ती थुंकीची तंबाखू कण कण करून धुतली आणि प्रत्येक कणामागं केरबाच्या एकेका पिढीचा उद्धार केला. दुसरे हंबीरराव. गुऱ्हाळावर उकळती काकवी पायावर सांडली, तर यांनी मोबाईलवरचा व्हिडिओ बघून वर अंडं फोडलं. दोन दिवसांनी आले तेव्हा अंडं वाळून पापुद्रा झाला होता आणि पापुद्र्याखाली सगळं पिवळं झालं होतं. "आमलेट कराय बसलासा व्हय पायावर?" ती म्हणाली. "नळ काय गावात न्हवता? वीस मिन्टं गार पाण्याच्या धारंखाली पाय धरायला काय जातंय तुमच्या बापाचं?"

हे तिचं वाक्य अख्ख्या हुपरीला पाठ होतं. भाजलं की नळ. वीस मिनिटं. अंगठी, बांगडी, जोडवं, सूज चढायच्या आत काढायचं. वर स्वच्छ फडकं, सैल. दुसरं काही लावलंत तर माझ्या दारात येऊ नका. येत होते, आणि लावूनच येत होते, आणि अक्काताई ओठ मुडपून, नाकपुड्या फुलवून त्यांच्याकडं बघायची. तो चेहरा बघितला की माणसाला वाटायचं, जखम बरी, पण ही बाई नको. काही जण तर त्या चेहऱ्याला भिऊन जखमा लपवायला लागले होते. तिच्या कानावर ते आलं होतं. लपवू देत, मरू देत, असं ती म्हणाली होती.

आता तिच्या घराकडं वळू. हुपरीत घरटी चांदी. अक्काताईच्या घरी पुढच्या सोप्यातही पैंजणाचं काम चालायचं. तिचा मुलगा सोमशेखर चांदी आटवायचा आणि तारा ओढायचा. सून विद्याश्री कड्या जोडून, गॅसच्या बारीक ज्योतीवर झाळून पैंजण पुरे करायची. तिचा उजवा हात गावात नावाजलेला होता. दोन कड्यांचा सांधा तिनं झाळला की भिंग लावूनही सापडायचा नाही. व्यापारी डिझाईन आणायचे तेव्हा सोमशेखरला नव्हे, तिला दाखवायचे. ती फार बोलायची नाही, पण असं डिझाईन हातात आलं की खाली मान घालून हसायची. घरात तेवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती.

आणि सोप्याच्या कोपऱ्यात पितळी घंगाळ होतं. हे घंगाळ अक्काताईच्या सासूच्या वेळचं. चांदीचं काम करणाऱ्या घरात हातावरची धूळ म्हणजे नुसती धूळ नसते, तिच्यात चांदी असते. तेव्हा कामावरून उठलेला हात थेट नळाखाली न्यायचा नाही. आधी घंगाळात धुवायचा, मग कुठंही जा. ते पाणी महिना महिना फेकायचं नाही. तळाला गाळ बसतो, वरचं पाणी अलगद काढतात आणि गाळ आटवायला देतात. सगळ्या हुपरीत हीच रीत. कोण काय वेगळं करतंय?

श्रावणात अक्काताईची लेक शांभवी बाळंत झाली आणि अक्काताई पाच दिवस कळंब्याला गेली. अर्थात डबाही गेला. परत आली ती गुरुवारी, भर दुपारी, एसटीत घामेजून, भुकेनं कावलेली. पाय धुऊन पाटावर बसली. सोमशेखर शेजारी बसला. विद्याश्रीनं ताट मांडलं आणि आमटी वाढायला लागली. डाव्या हातानं.

"डाव्या हातानं वाढतीस?" अक्काताई म्हणाली. "चार दिवस घरात न्हवतो तर रीत इसरलीस?"

विद्याश्रीनं डाव्या हातानंच पळी पातेल्यात ठेवली. उजवा हात तिनं पदराखाली आणखी आत ओढला. ती भाकरी ठेवायला वाकली, आणि तेव्हा अक्काताईच्या नाकाला तो वास आला. आंबटगोड, जड, खोलीच्या कोपऱ्यात उंदीर मरून पडल्यासारखा. या वासाशी तिची एकतीस वर्षांची उठबस होती. पण तो तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या ताटावर कधी घेतला नव्हता.

"हात दाव," ती म्हणाली.

"काय न्हाय आत्ती. जरा भाजलंय."

"दाव म्हंटलं न्हवं."

पदर बाजूला झाला. जुन्या परकराची चिंधी मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळली होती, आणि ती पिवळी पडून कडक झाली होती. अक्काताईनं ताट सारलं. डबा उघडला, मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मोजे चढवले. चिंधी ओढून काढली असती तर कातडी बरोबर आली असती. म्हणून तिनं सलाईनची बाटली टोचून थेंब थेंब सोडत ती भिजवली. विद्याश्री डोळे मिटून बसली होती. एक एक वेढा सुटत गेला. शेवटचा सुटला तेव्हा आत टूथपेस्टचा करडा गिलावा निघाला, आणि त्याच्याखाली तळहात.

झालं असं होतं. सोमवारी पैंजण झाळताना तापलेली साखळी चिमट्यातून निसटली. दुसऱ्या कुणी हात मागं घेतला असता. विद्याश्रीनं मूठ मिटली. चांदी खाली धुळीत पडू द्यायची नाही, ही सवय हातात इतकी भिनली होती की हातानं डोक्याला विचारलंच नाही. साखळीचा माग तळहातावर कडी कडी मोजून घ्यावी इतका स्पष्ट उमटला होता. अनामिका आणि करंगळी फुगली होती, मधे हिरवट पिवळं साचलं होतं, आणि मनगटावरून एक लाल रेघ वर कोपराकडं निघाली होती. अनामिकेत साखरपुड्याची अंगठी रुतून बसली होती. अंगठीच्या पुढचं बोटाचं पेर निळं पडत होतं.

अक्काताईच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही. सोमशेखरला त्याचीच भीती वाटली.

"अंगठी काप," ती त्याला म्हणाली.

"आई, हितं?"

"मग कुठं? तुझ्याइतकी बारीक कातर कुणाकडं हाय? काप."

सोमशेखरनं सोप्यातून कातर आणली. ती तिनं जंतुनाशकानं पुसून दिली. आयुष्यभर तारा कापलेला माणूस, पण तेवढी एक अंगठी कापायला त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि कापून झाल्यावर तो भिंतीला टेकून बसून राहिला. अक्काताईनं जखमेवर आणखी सलाईन सोडलं, कोरडं गॉज सैल पसरलं, बोटांच्या मधे वेगळे तुकडे घातले आणि हात छातीशी उंच बांधला. मग कपाळाला मनगट लावून बघितलं. ताप होता.

"रिक्षा बग. कोल्हापूरला जायचंय."

"तू हाईस की," सोमशेखर म्हणाला. "डबा हाय."

"डब्यात ह्याचं औषध न्हाय."

तिचे राजारामपुरीचे डॉक्टर म्हणायचे, डब्यात काय नाही हे ज्याला कळतं, त्यानंच डबा उघडावा. तासाभरात ते कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात होते. रिक्षात विद्याश्री एकदाच बोलली. "आत्ती, बोटं ऱ्हातील न्हवं?" अक्काताईनं तिचा बांधलेला हात आणखी उंच धरला. एकतीस वर्षांत अशा रेघा तिनं पुष्कळ बघितल्या होत्या. काही खाली उतरल्या होत्या, काही उतरल्या नव्हत्या.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गॉज उचललं, वाकून बघितलं, वास घेतला.

"भाजल्यावर लगेच काय केलंत?"

"पाण्यात हात घातला," विद्याश्री म्हणाली.

"नळाखाली?"

"न्हाय. घंगाळात."

"कसलं घंगाळ?"

विद्याश्रीनं सांगितलं. हात धुवायचं घंगाळ, महिन्याचं पाणी, सगळे त्यातच हात धुतात. चांदी उजळायच्या तेजाबाचेही, काजळीचेही. झोंबलं, पण गार होतं, म्हणून बराच वेळ हात बुडवून बसली होती. टूथपेस्ट नंतर लावली.

डॉक्टरीणबाईंनी ओठ मुडपले. नाकपुड्या फुलल्या. "त्या घाणीत? कातडी उघडी असताना? घरात नळ नव्हता का?"

"मोरीत हाय की. पण कामातला हात नळाखाली न्यायचा न्हाय आमच्यात. आदी घंगाळात." ती थोडी थांबली आणि सरळ मनानं म्हणाली, "आत्तींनी सांगितलंय."

बाईंनी अक्काताईकडं बघितलं. आतापर्यंत केरबानं, हंबीररावांनी, अर्ध्या हुपरीनं जो चेहरा सोसला होता, तो आज अक्काताईनं समोरून बघितला. तिला खाली बघावंसं वाटलं.

"आणि चार दिवस घरात का बसलात?"

"आत्ती गावाला गेलत्या."

"फोन करायचा."

"फोन केला असता तर शिव्या घातल्या असत्या," विद्याश्री म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज आमटीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

तिला आत नेलं. मेलेली कातडी काढायची होती. अक्काताई बाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसली आणि तिला चौदा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. विद्याश्री लग्न होऊन आलेली, नवीन हिरव्या बांगड्या, पहिल्याच दिवशी सोप्यातून उठून हात धुवायला मोरीत गेली आणि नळ सोडला. अक्काताई मागून धावली होती. नळ बंद केला आणि पोरीच्या ओल्या मनगटावर चापट मारली होती. "चांदी गटारात सोडतीस? लक्ष्मी हाय ती. पुन्ना कामाचा हात नळाखाली दिसला तर बग." पोरगी रडली नाही, नुसती मान हलवली. पुन्हा तिचा हात नळाखाली दिसला नाही. एवढी गुणाची सून, असं अक्काताईनं बायकांना कौतुकानं सांगितलंही होतं.

तिला स्वतःची शिसारी आली. एकतीस वर्षं सकाळी एसटी धरून, कोल्हापूरला जाऊन, नळ नळ म्हणून जगाला शिकवलं, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या घरात सगळ्यांच्या हातांचा मळ घंगाळात पाळला. केरबानं थुंकी भरली, पण ती निदान स्वतःची होती.

विद्याश्री नऊ दिवस दवाखान्यात होती. लाल रेघ उतरली. हात राहिला, बोटंही राहिली. पण अनामिका आणि करंगळी आकसली ती सरळ होईनात, आणि तळहाताची कातडी जाड, चकचकीत होऊन ओढून धरायला लागली. व्यायाम करा, हळूहळू सुटेल, असं बाई म्हणाल्या. किती सुटेल, असं सोमशेखरनं विचारलं. त्या म्हणाल्या, भाकरी थापता येईल. झाळायच्या बारीक कामाचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि ते विद्याश्रीनं विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं चिमटा उचलून बघितला, तो हातातून घसरून फरशीवर पडला, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी आलेला व्यापारी नवीन डिझाईनचा कागद सोमशेखरच्या हातात देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमशेखर झोपला होता. अक्काताई सोप्यात आली आणि घंगाळापाशी उकिडवी बसली. आयुष्यभर ते तिच्या डोळ्यांपुढं होतं, पण बघितलं तिनं आज. पाण्यावर काळपट साय धरली होती. कडेला विडीचं थोटूक चिकटलं होतं, एक मेलेलं झुरळ होतं, कुणाच्या तरी नखाचा तुकडा होता. कळकलेल्या पितळेचा, तेजाबाचा आणि माणसांच्या हातांचा मिळून एक वास होता. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

तळाचा गाळ मऊ होता, बुळबुळीत होता, बोटांच्या मधून वर येत होता. या गाळात पोरगी भाजलेला हात घालून बसली होती. किती वेळ? झोंबत असताना, दात खाऊन, मोरीतला नळ दहा पावलांवर असताना. गार होतं म्हणून. सांगितलं होतं म्हणून. अक्काताईनं हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत करडा झाला होता आणि त्यात बारीक बारीक चकाकत होतं.

ती कशीबशी मोरीपर्यंत पोचली आणि ओकली. एकतीस वर्षांत ना पू बघून ओकली, ना किडे पडलेला पाय धुताना ओकली; आज भिंतीला डावा हात टेकून पोटातलं पाणीसुद्धा बाहेर पडेपर्यंत ओकत राहिली. आवाज ऐकून विद्याश्री धावत आली. सासूच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिली, कपाळावरचे केस मागं धरले, आणि ओकारी थांबल्यावर पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं.

"पित्त झालंय. चूळ भरा आत्ती, हात धुवा," ती म्हणाली आणि नळाकडं वळली. मग तिची नजर सासूच्या त्या करड्या, चकाकणाऱ्या हातावर गेली, आणि ती थांबली.

"आत्ती," तिनं हळूच विचारलं, "कामाचा हात हाय. नळ सोडू का?"

अक्काताईनं तो हात तोटीखाली धरला. तिला रडायचं होतं आणि सुनेपुढं रडायची सवय नव्हती.

"सोड," ती म्हणाली. "मोठा सोड."

विद्याश्रीनं तोटी डाव्या हातानं फिरवली, कारण उजव्या हाताच्या बोटांना ती अजून धरता येत नव्हती.